वाचक विचारतात : बर्फ कोरताना

लग्नसराई जवळ आली की केटरर, हॉटेलांची स्वयंपाकघरं आणि हॉटेल मॅनेजमेंटचे विद्यार्थी यांच्याकडून बर्फाच्या शिल्पांबद्दल पत्रं येऊ लागतात. यंदा एक पत्र थेट अमेरिकेतल्या मिनेसोटातून आलं आहे. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. बहुतेकांनी विचारलंय ते हत्यारांबद्दल, पण तक्रारी वाचल्या तर निम्म्याहून अधिक बर्फाच्या तापमानाच्या निघतात. त्यामुळे उत्तरांतही तापमान वारंवार येईल.

प्रश्न : आम्ही बर्फ कारखान्यातून लादी आणतो. तिच्या मधोमध पांढरा पट्टा असतो आणि गिऱ्हाइकाला काचेसारखा बर्फ हवा असतो. पाणी उकळून दिलं तर उपयोग होईल का? (नाशिकहून एक केटरर)

उकळल्याने पडणारा फरक इतका थोडा असतो की गॅसचा खर्च निघत नाही. पाणी गोठताना स्फटिकाच्या जाळीत फक्त पाणीच बसतं. विरघळलेली हवा आणि क्षार पुढे ढकलले जातात. कारखान्यात पत्र्याचा डबा उणे ८ ते १० अंशांच्या खारट पाण्यात बुडवलेला असतो, म्हणजे थंडी चारही बाजूंनी आत सरकते आणि ढकललेला सगळा कचरा शेवटी गाभ्यात अडकतो. तोच तुमचा पांढरा पट्टा.

कारखान्याला दोन गोष्टी सांगून बघा. डब्यात हवेची बारीक नळी सोडून पाणी सतत ढवळतं ठेवायचं आणि गाभा गोठायच्या आधी मधलं उरलेलं पाणी ओढून घेऊन तिथे स्वच्छ थंड पाणी भरायचं. मोठी लादी पूर्ण गोठायला साधारण दोन दिवस लागतात, त्यामुळे हे काम दुसऱ्या दिवशी येतं आणि रात्रपाळीचा माणूस ते विसरतो. आदल्या दिवशी फोन करून आठवण दिलेली बरी.

शिल्पासाठी बनवलेल्या यंत्रात थंडावा फक्त तळातून येतो, बाजूंना जाड इन्सुलेशन असतं आणि वर छोटा पंप पाणी हलतं ठेवतो. बर्फ खालून वर चढतो, कचरा वरच्या पाण्यात राहतो आणि ते शेवटचे दोन-तीन सेंटिमीटर पाणी उपसून टाकतात. तीन दिवसांत साधारण १०० × ५० × २५ सेंटिमीटरची लादी मिळते. बर्फाची घनता ९१७ किलो प्रति घनमीटर धरली तर तिचं वजन ११५ किलो भरतं.

छोट्या कामाला हाच प्रकार उलटा करा. जाड थर्मोकोलचा खोका झाकण न लावता डीप फ्रीझरमध्ये ठेवला की बर्फ वरून खाली धरतो. तीन चतुर्थांश गोठल्यावर बाहेर काढा आणि खालचं पाणी फेकून द्या. पूर्ण गोठू दिलात तर गढूळपणा तळाशी येईल आणि फुगलेल्या बर्फाने खोकाही उलेल.

पट्टा असलेली लादीच हाती आली तर तिची जाडी मधोमध चिरा. दोन फळ्या मिळतात, दोन्हींचा पांढरा भाग एका अंगाला येतो आणि पटाशीने तासून टाकता येतो. आणखी एक गोष्ट. महाराष्ट्रात अखाद्य बर्फात निळसर रंग मिसळण्याचा नियम २०१८ पासून आहे. अशी लादी मासळी किंवा फळं मांडायच्या शिल्पाला वापरू नका. स्वस्त मिळाली तरी नको.

प्रश्न : शीतखोलीतून लादी काढली, चेनसॉ लावला आणि पहिल्याच कापाला आतून टणकन आवाज येऊन ती दुभंगली. करवत बोथट होती का? (पुण्याहून, एका हॉटेलच्या स्वयंपाकघरातून)

करवतीचा दोष नाही. लादी तयार नव्हती.

शीतखोली उणे १८ अंशांवर असते. लादी बाहेर ३० अंशांत आली की तिचा पृष्ठभाग लवकर तापू लागतो, गाभा मात्र उणे १८ वरच असतो. तापमानाने बर्फ पोलादाच्या जवळपास चौपट प्रसरण पावतो. मीटरभर लादी उणे १८ वरून शून्यावर आली तर एक मिलिमीटरला थोडी कमी एवढी वाढते. बाहेरचा थर वाढू बघतो, आतला वाढत नाही, म्हणून गाभा ताणला जातो. बर्फ दाब बराच सोसतो पण ताण सोसत नाही. मग आत चंदेरी पापुद्र्यासारखी भेग पडते. चेनसॉची थरथर फक्त निमित्त होते. कधी कधी तर हातही न लावता लादी ट्रॉलीवरच कडकडते.

यावर उपाय एकच, लादी मुरू देणं. आदल्या रात्री ती प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून शून्य ते चार अंशांच्या चिलरमध्ये लाकडी पट्ट्यांवर ठेवा. चिलर नसेल तर सावलीत, पंखा बंद करून, गोणपाटाखाली ठेवा. २५ सेंटिमीटर जाडीच्या लादीच्या गाभ्यापर्यंत ऊब पोचायला तीन ते चार तास लागतात. जाडी निम्मी असेल तर वेळ निम्मा नव्हे, चौथाई लागतो. म्हणून घाईच्या दिवशी पातळ फळ्यांचं शिल्प ठरवणं शहाणपणाचं.

लादी तयार झाली हे घड्याळाआधी डोळ्यांना कळतं. बाहेर काढल्याबरोबर तिच्यावर पांढरी हिमाची साय असते. ती विरते, मग पृष्ठभाग ओला होतो आणि लादीतून पलीकडची भिंत दिसू लागते. कोरडं बोट टेकवून बघा. चिकटलं तर थांबा, घसरलं तर कामाला लागा. तासाभराने बोट घसरू लागलं तरी जाड लादीचा गाभा अजून थंडच असतो, म्हणून तेव्हा फक्त वरवरची रेखाटणी करा, खोल काप नको.

साय लवकर जावी म्हणून नळाचं पाणी ओतणारे पुष्कळ आहेत. मुंबई-पुण्यात नळाचं पाणी बहुतेक वर्षभर २० अंशांच्या वर असतं. उणे १८ च्या बर्फावर ते पडलं की लादी गेलीच म्हणून समजा.

कोरून झालेलं शिल्प परत ठेवताना उणे ८ ते १० पुरे. प्लॅस्टिक अंगालगत गुंडाळा, कारण शीतखोलीतल्या पंख्याच्या कोरड्या वाऱ्याने बर्फ न वितळताच उडत राहतो. दोन दिवसांत कडा गोलावतात आणि पिसांच्या रेघा पुसट होतात. कार्यक्रमाच्या दिवशी बाहेर काढताना पुन्हा तसंच मुरवायचं.

प्रश्न : मी लाकडावर कोरीव काम करतो. माझ्याच पटाश्या बर्फाला चालतील का? सुरुवातीला आणखी काय घ्यावं? (कोल्हापूर)

चालतील, पण मोगरी घरी ठेवा. बर्फावर पटाशी ठोकायची नसते, ढकलायची असते. ठोक्याने तडा कापाच्या पुढे धावतो आणि कुठे थांबेल याचा भरवसा नसतो. ढकलायला जोर लागतो म्हणून बर्फाच्या पटाश्यांना हातभर लांब दांडे असतात, खांदा आणि कंबर दोन्ही कामाला लागतात. तुमच्या ४०-५० मिलिमीटरच्या सपाट पटाशीला लांब दांडा बसवून घ्या, निम्मं काम होईल. धार २५ अंशांच्या आसपास, १००० ग्रिटच्या पाणदगडावर लावून ४००० वर चकचकीत करा. लाकडाला चालून जाते तशी धार इथे भुगा पाडते, सलग कापत नाही, आणि पारदर्शक बर्फावर तो ओरखडा लगेच दिसतो. कार्बन पोलादाची धार छान टिकते, पण गंजते. काम झाल्यावर पुसून तेलाचा हात द्या. पटाशी लादीवर ठेवून चहाला जाऊ नका, चिकटून बसते आणि ओढताना कडा तुटते.

सपाट पटाशीनंतर व्ही आकाराची घ्या. रेषा, पिसं, खवले, अक्षरं सगळं तिच्यावर होतं. मग एक गोल पटाशी. चौथं हत्यार सहा अणकुचीदार दातांचं, जाडसर भाग झटपट खरवडायला. ते लोहाराकडून करून घेता येतं, फक्त दात एका रेषेत आणि सारख्या लांबीचे हवेत. साधा बर्फ फोडायचा टोच्या लादी फोडायलाच वापरा.

हातकरवत मोठ्या दातांची घ्या, इंचाला तीन-चार दात. सुताराच्या बारीक करवतीत ओला भुगा दातांमध्ये बसतो आणि ती पाच वेळा ओढताच अडते.

इलेक्ट्रिक चेनसॉ १४ इंचांचा पुरतो. वापरण्याआधी टाकीतलं यंत्राचं तेल काढा आणि टाकी धुऊन खाद्यतेल भरा, नाहीतर प्रत्येक कापात काळी रेघ उमटेल. सूर्यफुलाचं चालतं, शेंगदाण्याचं शीतखोलीत गोठल्यासारखं होतं. कामानंतर साखळी सुकवून पुन्हा तेल द्यायला विसरू नका. पात्याच्या टोकाचा वरचा पाव भाग बर्फाला टेकला की यंत्र उसळून अंगावर येतं, तेव्हा आत घुसवताना टोकाचा खालचा भाग आधी लावायचा.

बारीक कामाला डाय ग्राइंडर, म्हणजे टोकाशी बिट वेगाने फिरवणारं हातयंत्र, घ्या. त्याच्या वेगाला मान्य असलेलंच बिट लावा, राउटरचं कुठलंही लावाल तर दांडी वाकून ते सुटतं. अँगल ग्राइंडरवर लाकूड कोरायची दातेरी चकती लावतात, ती आम्ही सुचवणार नाही.

फरशी ओली, हातमोजे ओले आणि हातात विजेचं यंत्र! जिथून वायर घ्याल तिथे ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच, हवाच, आणि तो बटण दाबून तपासलेला हवा. चेनसॉचा भुगा मोटरच्या जाळीत जाऊन वितळतो, म्हणून मध्ये थांबून तो ब्रशने झाडा. गॉगल आणि रबरी तळाचे गमबूट यांवर घासाघीस नको.

प्रश्न : हंसाची मान किती जाड ठेवावी? आमची दोन तासांत पडली. (वसई)

आधी हिशोब मांडू. ३० अंशांच्या, पंखा नसलेल्या हॉलमध्ये उघड्या बर्फाचा प्रत्येक पृष्ठभाग तासाला सुमारे ५ ते ७ मिलिमीटर मागे सरकतो. मान दोन्ही बाजूंनी बारीक होते, म्हणजे तासाला सव्वा सेंटिमीटर. चार तासांचं रिसेप्शन असेल तर पाच सेंटिमीटर गेले. दहा सेंटिमीटरच्या मानेची पाच उरेल, सहाची एक उरेल आणि त्याआधीच ती डोक्याच्या वजनाने मोडेल. म्हणून मान सगळ्यात अरुंद जागी किमान नऊ-दहा सेंटिमीटर ठेवा, मुळाशी त्याहून जाड. चोच आणि छाती यांमध्ये बोटभर बर्फाचा पूल राखा आणि तो शिल्प जागेवर ठेवल्यावरच कापा. मान जिथून वाकते त्या आतल्या कोपऱ्यात काटकोन नको. गोल पटाशी फिरवून वळण द्या, कारण तडा तिथूनच सुरू होतो.

किनारपट्टीवर दमट हवेचा वेगळा त्रास आहे. हवेतली वाफ थंड बर्फावर पाणी होऊन बसते आणि तिची उष्णताही बर्फालाच मिळते. त्याच तापमानाला कोरड्या हवेत शिल्प जास्त टिकतं. मोठ्या पेडेस्टल पंख्याचा झोत थेट येत असेल तर वरचे आकडे दुप्पट धरा. हॅलोजनचे दिवे काढून खालून एलईडी द्या.

पाण्याची सोयही याच हिशोबाने करा. मध्यम शिल्पाचा उघडा पृष्ठभाग दीड चौरस मीटर धरला तर तासाला आठ-नऊ लिटर पाणी सुटतं. पसरट ट्रे, त्याला नळी, आणि टेबलाखाली झाकलेली ५० लिटरची बादली. शिल्पाच्या बुडाशी १० सेंटिमीटरचा सलग पाया सोडा आणि त्याखाली घडी घातलेलं जाड कापड ठेवा, नाहीतर ते स्वतःच्याच पाण्यावर सरकतं.

आणि हंसच का, हेही एकदा विचारा. वैशाखातल्या मांडवासाठी लांब बारीक मानेचा पक्षी निवडणं म्हणजे संकटाला आमंत्रण. पिसारा मिटलेला मोर, कलश, शंख, किंवा मासळीच्या काउंटरला एक जाडजूड पापलेट ही सगळी भरीव घडण तिसऱ्या तासालाही ओळखू येते. सोंड पोटाला टेकलेला गणपती रचनेच्या दृष्टीने अगदी पक्का, पण तो वितळताना बघणं सगळ्या पाहुण्यांना रुचेलच असं नाही. यजमानांना आधी विचारा.

प्रश्न : पंख वेगळे कोरून पाणी लावून दाबतो. अर्ध्या तासात निखळतात. (ठाणे, हॉटेल मॅनेजमेंटचा विद्यार्थी)

तुम्ही मुरलेल्या बर्फावर जोडकाम करताय. शून्य अंशाचा बर्फ पाणी गोठवू शकत नाही. एक ग्रॅम पाणी गोठताना ३३४ ज्यूल उष्णता सोडतं आणि ती शोषायला उणे १० अंशांचा सोळा ग्रॅम बर्फ शून्यापर्यंत तापावा लागतो. म्हणजे कोरायला ऊबदार बर्फ हवा आणि जोडायला थंड. दोन्ही एका बैठकीत जमत नाही.

आधी दोन्ही तोंडं तंतोतंत बसवा. पाच-सहा मिलिमीटर जाडीचा सपाट अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा खोलीच्या तापमानाचा असला तरी पुरतो. तो तोंडावर हलकेच फिरवला की उंचवटे वितळून पृष्ठभाग सपाट होतो. तुकडे टेकवून मागून टॉर्च धरा. जिथे पोकळी असेल तिथे पांढरी रेघ दिसते. मग फळीतून आरपार खिळे ठोकून बनवलेल्या दातेरी पाटीने दोन्ही तोंडांवर उथळ चर ओढा, पाणी त्यांत पकड घेतं. पंख जड असेल तर खाली खाच आणि वर तीत बसणारा खुंट ठेवा.

आता दोन्ही तुकडे वेगवेगळे गुंडाळून उणे १०-१२ वर तीन-चार तास ठेवा आणि जोडणी फ्रीझरच्या आतच करा. बर्फ घातलेलं पाणी ब्रशने पातळ लावायचं, तुकडा टेकवून किंचित फिरवायचा आणि मिनिटभर दाबून धरायचं. पाण्याचा थर जाड झाला तर तो गोठत नाही, वंगणासारखा वागतो. फटीत ताज्या कोरणाचा चुरा त्याच पाण्यात कालवून भरा. दोन तास हात लावू नका.

चीनमधल्या हार्बिनला, जिथे १९८५ पासून बर्फोत्सव भरतो, सोंगहुआ नदीतून कापलेल्या ठोकळ्यांच्या इमारती नुसत्या पाण्यावर रचतात. तिथे जानेवारीत पारा उणे २० च्याही खाली जातो, म्हणून ते जमतं. तो व्हिडिओ बघून ठाण्यात प्रयोग करू नये.

प्रश्न : इथे अंगणात उणे २० आहे. पटाशी लावली की शिंपल्यासारखे टवके उडतात आणि गॅसचा टॉर्च फिरवला तर पृष्ठभागावर भेगांची जाळी पडते. (मिनिॲपोलिसहून एक वाचक)

तुमची अडचण ठाण्याच्या नेमकी उलट. उणे २० चा बर्फ काचेसारखा ठिसूळ असतो. पटाशी अगदी चपटी धरा, पातळ काप घ्या आणि कडेपासून आत कोरा. आतून कडेकडे गेलात तर शेवटचा टवका कडा घेऊनच उडतो. अशा थंडीत डाय ग्राइंडर आणि जाड पॉलिश पेपर छान चालतात, कारण भुगा कोरडा राहतो. टॉर्च मात्र उणे ८-१० पेक्षा थंडीत नको. गॅरेज उणे ५ च्या आसपास असेल तर शिल्प रात्रभर तिथे ठेवून मगच झळ द्या, तीही एका जागी न थांबता. पाणी लागलंच तर बर्फाचा चुरा घोळलेलं शून्य अंशाचं वापरा. लिथियमची बॅटरी घरात चार्ज करा. शून्याखाली चार्ज केल्यास ती कायमची बिघडते.

दिवसा सूर्य असेल तर ताडपत्री बांधा, हवा कितीही थंड असो. ऊन स्वच्छ बर्फाच्या आत शिरतं आणि आतल्या आत वितळवतं. भिंगातून पाहिलंत तर सहा पाकळ्यांची इवली फुलं दिसतील, मधोमध पोकळीचा चमकता ठिपका. एकोणिसाव्या शतकात जॉन टिंडल या शास्त्रज्ञाने त्यांचं वर्णन केलं आणि ती त्याच्याच नावाने ओळखली जातात. दिसायला सुरेख, पण ती वाढली की बर्फ कायमचा धुरकट होतो. तुमच्या शेजारच्या सेंट पॉलला १८८६ पासून हिवाळी महोत्सव आहे. तिथले कोरणारे उन्हाला काय आडोसा करतात तेवढं नक्की बघून या.

प्रश्न : प्लॅस्टिकच्या साच्यात शिल्प करता येतं का? (सोलापूर)

येतं. गोठताना पाणी नऊ टक्के फुगतं, म्हणून साचा काठोकाठ भरू नका. गाभा पांढरा राहणारच. काढताना गरम पाणी नको, अर्धा-पाऊण तास बाहेर ठेवला की साचा आपसूक सुटतो.

प्रश्न : वधूवरांची नावं पांढरी आणि ठसठशीत कशी उमटवायची? रंग भरला तर ओघळतो. (नागपूर)

रंग नकोच. नावं कागदावर खऱ्या मापात छापा, कागद पाण्याच्या फवाऱ्याने फळीवर चिकटवा आणि अर्धा तास फ्रीझरमध्ये ठेवा. कागदावरूनच डाय ग्राइंडरने सात-आठ मिलिमीटर खोल कोरा. चराच्या कडा उभ्या हव्यात, उतरत्या कडांतून भरण निसटतं. कागद काढा, ब्रशने चर झाडा आणि फळी पुन्हा उणे १० ला न्या. मग कोरडा, बारीक खरवडलेला बर्फ चरात अंगठ्याने दाबून भरा, वर उरलेला सपाट पटाशीने एका दमात तासून टाका. आतली हवा प्रकाश विखुरते म्हणून अक्षरं दुधासारखी दिसतात.

देवनागरीत एक काळजी जास्त. ‘ठ’, ‘व’, ‘क’ यांच्या पोकळीतलं बर्फाचं बेट कोरताना सुटून येतं, म्हणून जाड वळणाचा टाइप निवडा आणि अक्षराची उंची आठ सेंटिमीटरच्या खाली नेऊ नका. नावं फळीच्या मागच्या अंगाला उलटी कोरली तर पुढून सुलटी दिसतात आणि पुढून बोटं फिरवणाऱ्या पाहुण्यांपासून वाचतात. तासाला पाच-सात मिलिमीटरचा हिशोब इथेही लागू आहे, त्यामुळे ही फळी पाहुणे यायच्या अर्धा तास आधीच बाहेर काढा, त्याआधी नाही. आणि मुरवायचा वेळ त्यात धरलेला नाही, तो चिलरमध्येच द्या.